गिटारची तार नेमकी कुठे खरखरते? आधी जागा शोधा, मग ट्रस रॉडला हात लावा

अकूस्टिक गिटारची तार खरखरायला लागली की बरेच जण थेट ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळी) फिरवतात, नाहीतर सॅडलखाली (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) काहीतरी सरकवून तारा उचलतात. कधीकधी खरखर थांबतेही, पण गिटार वाजवायला जड होते आणि मूळ दोष तसाच राहतो. खरखर कुठल्या तारेवर आणि कुठल्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) येते हे आधी लिहून काढलं, तर बहुतेक वेळा कारण त्या कागदावरच दिसतं. सहाही तारा आधी मोकळ्या वाजवा, मग एकेका फ्रेटवर दाबून वाजवा आणि जिथे खरखर येईल तिथे खूण करा. हाताचा जोर रोजचाच ठेवा. बोट फ्रेटला अगदी लागून, त्याच्या मागे दाबा. दोन फ्रेटच्या मधोमध सैल दाबलेली तार कुठल्याही चांगल्या गिटारवर खरखरते.

ही तपासणी पूर्ण सुरात लावलेल्या, बऱ्या अवस्थेतल्या तारांवरच करायची. अर्धा सूर उतरवलेली गिटार तपासून काही कळत नाही, कारण ताण कमी झाला की तार जास्त पसरून हलते. नवीन सेट बारीक गेजचा (कमी जाडीच्या तारांचा) घातला असेल तर तेही ध्यानात घ्या. ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा नेहमीचा सेट नेकवर सुमारे ७० किलोचा ताण देतो. त्याजागी ०.०१० चा सेट घातला की ताण घटतो, नेक मागे सरळ होते आणि काल ठीक असलेली गिटार आज खरखरते.

हवाही तितकीच महत्त्वाची. गिटारला ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. हवा कोरडी झाली की वरची फळी खाली बसते, तिच्याबरोबर ब्रिज (सॅडल बसवलेला लाकडी ठोकळा) खाली जातो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. ब्रिजच्या मागे फळीवर आडवी पट्टी ठेवून पाहा. फळीला मधे हलका फुगवटा असायला हवा. ती सपाट किंवा खोलगट दिसत असेल आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला बोचत असतील, तर गिटार सुकली आहे. अशा वेळी केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवून आठ-दहा दिवस थांबा, मगच पुढचं काम. सुकलेल्या गिटारचं सॅडल उंच केलं, तर लाकूड पूर्ववत झाल्यावर तारा आभाळाला टेकतात.

यानंतरचा प्रश्न असा, की आवाज खरंच फ्रेटचा आहे का? ज्या स्वराला खरखर येते तोच स्वर दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या जागी वाजवा. तिथेही आला, तर तारेचा आणि फ्रेटचा संबंध नाही. त्या स्वराच्या कंपनाने गिटारवरची एखादी सैल वस्तू थरथरते आहे. तारा ताणणाऱ्या ट्यूनिंग पेगचा वरचा नट, पेगचा स्क्रू, पट्ट्याचं बटण, जॅक, पिकअपची आतल्या बाजूने लोंबणारी वायर, पेगवर न कापलेलं तारेचं टोक, हे सगळं एकेक करून बोटाने दाबत तोच स्वर वाजवत राहा. ज्याला दाबल्यावर आवाज थांबेल ते घट्ट करा. पूर्ण सैल सोडलेला ट्रस रॉडही नेकच्या आत खडखडतो. नेकच्या पाठीवर मुठीने हलके ठोकल्यावर तो आवाज ऐकू येतो. काहीच सापडलं नाही तर साउंडहोलमधून हात घालून आतल्या ब्रेस (फळीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) चाचपा. सुटलेली ब्रेस फळीवर बोटाने टकटक केल्यावर वेगळाच पोकळ, चिरका आवाज देते.

एकच तार मोकळी आणि सगळ्या फ्रेटवर सारखीच खरखरत असेल, तर ब्रिजकडे बघा. तारेच्या टोकाचा गोळा आतल्या ब्रिज प्लेटला (ब्रिजखाली फळीच्या आतल्या बाजूच्या पट्टीला) घट्ट टेकलेला हवा. तो तार धरणाऱ्या पिनच्या टोकावर अडकून राहिला तर तार नीट बसत नाही. फोनचा कॅमेरा साउंडहोलमध्ये घालून फोटो काढा, लगेच दिसतं. ब्रिज प्लेट झिजली असेल तर गोळा वर सरकतो आणि त्याच्या जवळचा पीळ दिलेला जाड भाग सॅडलवर येऊन बसतो. त्याने आवाज मंद आणि खरखरीत होतो. सॅडलचा माथा सपाट झाला असेल तर तार त्याच्या रुंदीवर घासत हलते आणि तानपुऱ्याच्या जवारीसारखा झणत्कार येतो. तानपुऱ्यात तो मुद्दाम साधतात, गिटारमध्ये मात्र सॅडलचा माथा गोलसर करून तो घालवावा लागतो. इथे नट म्हणजे पेगपाशी तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी. त्याची खाच मागच्या बाजूला उतरती नसेल तर मोकळ्या तारेवर नेमका हाच आवाज नटाकडून येतो.

आता फ्रेटची खरखर. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर थांबत असेल, तर नटाची खाच खोल गेली आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिला टिचकी मारा. बारीक ‘टिक’ ऐकू आली पाहिजे, म्हणजे तिथे केसाएवढी फट आहे. तार फ्रेटला चिकटूनच असेल तर खाचेत हाडाचा भुगा आणि पातळ सुपरग्लू भरून, वाळल्यावर त्या तारेच्या जाडीच्या कानसीने खाच पुन्हा पाडा. उतार पेगच्या दिशेने ठेवा. बऱ्याच तारांच्या खाचा खोल गेल्या असतील तर नवा नट घालणं चांगलं, भरलेली खाच कायम टिकत नाही.

पहिल्या पाच फ्रेटवर खरखर आणि वरती, म्हणजे बॉडीकडे, सगळं स्वच्छ, याचा अर्थ नेक फार सरळ झाली आहे किंवा मागे झुकली आहे. हलणारी तार मधोमध सर्वांत रुंद पसरते, म्हणून नेकला पुढे किंचित खोलगटपणा लागतो. त्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर (बहुधा चौदाव्या) सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. ०.१ ते ०.२५ मिमी फट हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर प्रिंटरचा साधा कागद चालतो. एक कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, त्यामुळे एक सहज जावा आणि तीन अडकावेत. फट कमी असेल तर ट्रस रॉड सैल करायचा, म्हणजे त्याची किल्ली लागते त्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या उलट्या दिशेने. एका वेळी अष्टमांश फेरा पुरे. गिटार पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि परत मोजा. किल्ली जड लागली तर थांबा, कारण तुटलेला ट्रस रॉड दुरुस्त करायला फ्रेटबोर्ड उखडावा लागतो.

ट्रस रॉड हे तारांची उंची ठरवायचं साधन नव्हे, याबाबत मी आग्रही आहे. त्याने फक्त रिलीफ बदलावा. उंची सॅडलने ठरते, आणि रिलीफ नीट झाल्याशिवाय ती मोजायचीच नाही. कॅपो काढून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सहाव्या तारेला २.४ मिमी आणि पहिलीला १.८ मिमीच्या आसपास असेल तर बहुतेक हातांना चालतं. याहून बरंच कमी असेल आणि खरखर नेकच्या वरच्या अर्ध्या भागात, सगळ्या तारांवर असेल, तर सॅडल बुटकं आहे. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने तिथे अर्धा मिमी हवा असेल तर सॅडल एक मिमी उंच करावं लागतं. सॅडलच्या खाचेच्या लांबीची कठीण लाकडाची पातळ पट्टी खाली घालून आधी खात्री करा आणि मग नवं सॅडल बनवा. कागदाच्या घड्या घालू नका, त्या आवाज शोषतात आणि सॅडलखालच्या पिकअपला असमान दाब मिळतो. रिलीफ फार जास्त असतानाही वरचे फ्रेट खरखरतात, म्हणून तो आधी.

उंची आणि रिलीफ बरोबर असूनही एकाच जागी खरखर राहिली, तर दोष दाबलेल्या फ्रेटमध्ये असतो किंवा त्याच्या पुढच्यात. तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर खरखर येत असेल तर चौथा उंच आहे, नाहीतर तिसरा झिजून खाली गेला आहे. झिजलेल्या फ्रेटवर तारेखाली घळ दिसते, विशेषतः पहिल्या तीन फ्रेटवर. उंच फ्रेट शोधायला सरळ कडेची छोटी पट्टी बरोबर तीन फ्रेटवर ठेवा. ती मधल्यावर डुगडुगली तर मधला उंच. प्रत्येक तारेखाली वेगळं तपासा, कारण फ्रेट बऱ्याचदा एकाच टोकाला उचललेला असतो. तो बोटाने दाबल्यावर खाली जात असेल तर खाचेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबा आणि पूर्ण वाळू द्या. आधी आजूबाजूच्या लाकडावर मेण किंवा टेप लावा, ग्लूचा डाग निघत नाही. फ्रेट घट्ट बसलेला असून उंच असेल तर तेवढाच एक घासण्याचा मोह आवरा. तो शेजाऱ्यापेक्षा जरासा जास्त घासला गेला की खरखर एक फ्रेट पुढे सरकते. हे सगळे फ्रेट एका लांब सपाट पट्टीने एकत्र समतल करून माथे पुन्हा गोल करण्याचं काम आहे, आणि त्याची साधनं नसतील तर इथून पुढे गिटार जाणत्या कारागिराकडे द्यावी. जाताना खुणा केलेला कागद सोबत न्या.