दोन काठ्या, एक छत्री

माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची पायी वारी. नीरा स्नान, पाडेगावचं स्वागत, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव. सगळं झालं, पण माझ्या मनात रुतलंय ते काळज गावाच्या पुढचं ऊन.

घाटाकडे झड लागलेली असते तेव्हा आमच्याच सातारा जिल्ह्यात, फलटणच्या अंगाला, ढग नुसते वरून पळतात. पाऊस नाही, वारा मात्र दांडगा. गुडघ्यांपायी माझ्या दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या. छत्री धरायला एक काठी काखेत मारली की दुखऱ्या गुडघ्यावर भार येतो, छत्री मिटली की डोकं तापतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला दांडा नाडीनं बांधला, तर वाऱ्यासरशी छत्री गर्रकन फिरून तोंडावर यायची. त्यात टाचेचा फोड फुटलेला. पुढे पखवाज घुमत होता, ज्ञानोबा-तुकारामचा गजर चालला होता, आणि मी सगळ्या जगावर चिडले होते.

लिंबाखाली पोतं अंथरून एक चर्मकार दादा वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवत होते. मी काही मागितलंही नव्हतं.

"माउली, बसा हितं. आन् ती छत्री द्या."

नाडी बघून म्हणाले, "येकाच जागी बांधल्याव ती फिरणारच. खाली बूड धराय पायजे, वर मान."

छत्री जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची. तिची आकड्याची मूठ त्यांनी सॅकच्या कमरपट्ट्यात अडकवली. छातीच्या उंचीवर, खांद्याच्या पट्ट्याला, सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं दाभणानं शिवलं आणि दांडा त्यातून वर घेतला. रबर दांड्याला घट्ट धरून ठेवतं, आणि झोत आला की थोडं ताणतंही, त्यामुळे काड्यांना हिसका बसत नाही. मला चालायला लावलं, परत बोलावलं. काडी कानाला लागते म्हटल्यावर कडं उसवून दोन बोटं वर शिवलं. छत्री मागे कलती ठेवली, कारण आम्ही चाललो होतो पूर्वेला, दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर. टाचेखाली मऊ कातड्याचा तुकडा घातला. पैसे काढले तर हात जोडले. मी पाया पडायला वाकेपर्यंत तेच माझ्या पाया पडले. फोड आलेल्या, धुळीनं माखलेल्या पायांवर त्यांचं डोकं. मला रडू आवरेना.

निंभोरे ओढा, वडजल, फलटण. तिथल्या विमानतळावर, पालखीच्या मुक्कामी, सगळ्या दिंड्यांची मिळून समाजआरती.

दुसऱ्या दिवशी दिंडीत शिरले तर मागून एक मावशी ओरडल्या, "डोळा फोडता का कुणाचा?" त्यांचं खरं होतं, तरी राग आलाच. तेव्हापासून रांगेत छत्री मिटायची, मोकळ्या रस्त्याला उघडायची. हरिपाठ मात्र अशाच मोकळ्या पट्ट्यात सुरू झाला. दिंडी अगदी सावकाश चालली होती. काठ्या मनगटाच्या पट्ट्यांना लोंबत सोडल्या आणि टाळी धरली. लोणंदपासून हातांना ही टाळी मिळाली नव्हती. विठ्ठला, मी किती जोरात वाजवली म्हणून सांगू!

बरडला तंबूत त्याच मावशी शेजारी येऊन बसल्या. "माज्या पिशवीला जमंल का गं तसं?" दादांनी ट्यूबचा एक जादा तुकडा दिला होता. पिशवीला कमरपट्टा नव्हता, म्हणून कमरेला पंचा घट्ट गुंडाळून आकडा त्यात खोवला. पण रबरातून साधी सुई जाईना. मग दाभण कुणाकडे आहे का, ते विचारत मी राहुट्यांमधून फिरले.