रिंग खाली सरकव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून समितीचा फोन आला, तेव्हा सगळ्या संस्थेविषयी लिहायचं मनात होतं. पण लिहायला बसलो आणि इंजिन शॉपच्या, म्हणजे आम्ही इंजिनं उघडून शिकायचो त्या कार्यशाळेच्या, पलीकडे काही सुचेना. इंजिन शॉप म्हणजे सर. त्यांचं नाव इथे घालत नाही. सत्काराच्या फलकावरही त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं, आणि वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहेच.

एका टॅक्सीवाल्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन शॉपमध्ये आलं होतं. 1089 सीसी, 68 मिमीचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते गोल भोक. गाडी निळा धूर सोडायची, तेल प्यायची. काकांचा धोशा एकच : "सर, पिस्टनच्या नुसत्या रिंगा नव्या घालून द्या." बोअर मोजायचा गेज स्टोअरच्या कपाटात आणि स्टोअरकीपर रजेवर. दुसऱ्या कुणी काम उद्यावर ढकललं असतं. सरांनी एक नवी रिंग ब्लॉकच्या बोअरमध्ये घातली, उलट्या पिस्टनने दाबून वरच्या कडेच्या जरा खाली सरळ बसवली आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचा फिलर गेज माझ्या हातात दिला. पात्या एकीवर एक लावत गेलो. 0.70 मिमी झाल्या तरी रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत गेल्या.

"आता रिंग खाली सरकव."

तळाशी, जिथे रिंगा घासत नाहीत, तिथे 0.25ची पाती अडत अडत गेली. सरांनी खडूने फरशीवरच गणित मांडलं. फरक 0.45. घेर व्यासाच्या 3.14 पट, म्हणून 3.14ने भागायचं. बोअर वरच्या बाजूला सुमारे 0.14 मिमीने जास्त झिजलेला. काकांनी स्वतः वाकून दोन्ही फटी बघितल्या आणि म्हणाले, "द्या बोअरिंगला," म्हणजे बोअर कापून पुन्हा सारखा करायला.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. यातून निमुळतेपणा कळतो, बोअर अंडाकृती झालाय का ते कळत नाही, त्याला उभं-आडवं माप घ्यावंच लागतं, असं लगेच बजावलं. शिवाय जुन्या बोअरमध्ये रिंगेची फट तळाशीच बघायची. वर बेतलीत तर खाली येताना टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग तुटेल. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, बसवताना त्याला धरणारी एकेक मेन कॅप आवळायची आणि दर वेळी क्रँक हाताने फिरवून बघायचा, म्हणजे कुठल्या कॅपने तो जड झाला ते तिथेच सापडतं. मग स्क्रू-ड्रायव्हरने पुढे-मागे रेटून त्याचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, डायल गेजवर मोजायचा. क्लचवर सतत पाय ठेवणाऱ्याच्या गाडीत क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर आधी जातात, हेही सरांचंच.

आज माझ्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचीच कामं असतात. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतून पद्मिनीची टॅक्सी गेली, पण घरच्या पद्मिन्या जपणारे हौशी लोक आहेत. त्यांनाही आधी नुसत्या रिंगाच हव्या असतात! मी फिलर गेज त्यांच्याच हातात देतो.

मध्यंतरी शॉपमध्ये डोकावलो. स्कॅनर आलेत, सेन्सरचे बोर्ड लागलेत. ते हवेतच. पण उघडलेलं इंजिन एकही दिसलं नाही, मन खट्टू झालं. माझ्याकडे पद्मिनीचा एक बाद ब्लॉक पडून आहे, बोअरची वरची कडा बोटाला चांगली लागते असा. मुलांना मापं घ्यायला हवा असेल तर प्राचार्यांनी निरोप द्यावा. टेम्पोभाडं माझं.