जुन्या मोटरहोमची बांधणी जोखताना

आम्ही घेतलं तेव्हा मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, 19 वर्षांचं होतं. कपाटांची दारं घट्ट मिटत होती, टेबलाला कुठे ओरखडा नव्हता. तेवढ्यावरून मी बांधणी पक्की असल्याचं ठरवून टाकलं. दुसऱ्या वर्षी पलंगाच्या उशाशी भिंतीवर तळहाताएवढा फुगा आला. अंगठ्याने दाबला तर भिंत आत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओल मोजायचं दोन टोच्यांचं मीटर आणलं. लाकडात 15 टक्क्यांपर्यंत ओल असेल तर काळजी नसते. 20च्या वर शोध घ्यावा लागतो, आणि 30च्या आसपास आकडा गेला की लाकूड बहुधा कुजायला लागलेलं असतं. फुग्याजवळ 34 आले. पण एका आकड्यावर विसंबू नये, कारण पत्र्याला किंवा स्क्रूला टोचा लागला तरी आकडा चढतो. म्हणून गाडीचा नकाशा काढून हातभर अंतरावर मोजत गेलो आणि प्रत्येक जागी आकडा लिहिला. माझ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी ठरला तो हा कागद. फुगा पलंगाशी असला, तरी आकडे चढत जात होते वरच्या मागच्या कोपऱ्याकडे. पाणी तिथून शिरून चौकटीच्या लाकडावरून खाली उतरत होतं.

आमच्या गाडीची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये लाकडी चौकट आणि थर्मोकोल, आत पातळ प्लायवूड. ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं आणि प्लायवूड उघडलं. कोपऱ्याचं लाकूड नखाने खरवडलं तर भुगा पडत होता. गाडी बनवणाऱ्यांवर माझा संताप झाला. काका मात्र बराच वेळ बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. म्हणाले, "चौकटीचे सांधे बघ. 20 वर्षांनीही हललेले नाहीत. हे काम मन लावून केलंय."

मग बिघडवलं कोणी? बाहेरची कोपरपट्टी काढल्यावर उलगडा झाला. पट्टीखालचं मूळचं ब्यूटाइल (फटी बुजवायचं रबरासारखं चिकट सीलंट) वाळून तडकलं होतं, आणि ते वयामुळे होणारच. पण आधीच्या कुणीतरी ते न काढता पट्टीच्या कडेने वरून सिलिकॉन फासलं होतं. पाणी दुसऱ्या फटीतून आत जात राहिलं, बाहेर पडायची वाट मात्र बंद झाली. त्या सिलिकॉनचा अंश राहिला तर नवं सीलंट चिकटत नाही. तो खरवडून काढण्यात आमचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून कुठलाही दोष दिसला की तो बांधणीचा, वयाचा की डागडुजीचा, हे मी आधी वेगळं करतो. बांधणीचा खरा दोष छतावर सापडला. हवेच्या खिडकीसाठी भोक पाडलं होतं, पण त्याच्या भोवती आतून लाकडी चौकट दिलीच नव्हती. छत तिथे दबलं होतं आणि पाण्याचं तळं साचत होतं. याला मात्र माझ्याकडे माफी नाही. चौकट नव्याने घालावी लागली.

फर्निचर पातळ प्लायचं आहे, म्हणून त्याला मी हलक्या प्रतीचं समजत होतो. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली तेव्हा मत बदललं. गाडीच्या एकूण वजनाच्या 3500 किलोच्या मर्यादेला जेमतेम 60 किलो उरले होते, आणि नुसती पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढतात. जाड लाकूड वापरलं असतं तर आम्ही सामान कुठे ठेवलं असतं? बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात, ते पुन्हा बसवायचे.

इंजिन आणि चासीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, तर खातंच निराळं. ती दुसऱ्याच कारखान्याची असतात, त्यांच्यावरून घराची पारख होत नाही. टायरचं वय तेवढं पाहिलं. बाजूवर शेवटचे चार आकडे 3412 होते, म्हणजे 2012चा 34वा आठवडा. नक्षी भरपूर होती, तरी चारही बदलले.

कोपऱ्यात नवं लाकूड घातलं, पट्टीखाली नवं ब्यूटाइल भरलं. तीन महिन्यांनी, पाच दिवसांच्या संततधारेनंतर, जुना कागद घेऊन त्याच जागी मीटर टोचलं. 13 आले. कागदावर 34च्या शेजारी तारीख घालून ते लिहिलं.