मावशी का थांबल्या?

बारा आठवड्यांपूर्वी एकाच सकाळी दोन पेशंट रिहॅबला, म्हणजे हृदयविकारानंतरच्या देखरेखीखालच्या व्यायामाला, आले होते. आज दोघांचीही शेवटची चालण्याची चाचणी झाली. दोघांनाही हार्ट अटॅक, दोघांचीही अँजिओप्लास्टी. मावशी ५८ वर्षांच्या, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्के. दुसरे गृहस्थ ४७ वर्षांचे, ईएफ ५५, डायबेटिस जुना. इकोवरून पैज लावायची तर कुणीही गृहस्थांवरच लावेल. मला ते पटत नाही. ईएफ किती आहे यावरून माणूस किती चालेल याचा फारसा अंदाज येत नाही, आणि व्यायामाने किती सुधारेल याचा तर त्याहून कमी.

चाचणी सहा मिनिटांची. ३० मीटर सरळ कॉरिडॉर, दोन्ही टोकांना वळायची खूण म्हणून प्लॅस्टिकचे शंकू. पेशंटच्या शेजारून चालायचं नाही, नाहीतर तो आपल्या चालीने चालतो. "शाब्बास, जोरात!" असं ओरडायचं नाही, दर मिनिटाला ठरलेलं वाक्य तेवढं बोलायचं. सुरुवातीची चाचणी दोनदा घ्यायची आणि जास्त अंतर धरायचं. दुसऱ्या खेपेला नुसत्या सवयीनेच थोडं अंतर वाढतं, ते व्यायामाच्या खात्यात जमा व्हायला नको.

पहिल्या दिवशी मावशी चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकल्या.

"मावशी, का थांबलात? दम लागला? छातीत दुखतंय?"

"दम न्हाई वो. मांड्या भरून आल्या."

माझ्या लेखी त्या फाइलमधली सगळ्यात कामाची नोंद हीच. पाय आधी थकले, म्हणजे अंथरुणावर पडून स्नायू उतरलेत, आणि स्नायू व्यायामाने परत येतात. कमजोर हृदयाच्या पेशंटची सुधारणा बरीचशी पायांतच होते. पंप आहे तसाच राहिला तरीही. त्यात सुरुवात जितकी खालून, तितकी वर जायला जागा जास्त. मावशी २८५ मीटरवरून ३९० वर आल्या.

गृहस्थ ५१० वरून ५२२. एकही सत्र चुकवलं नव्हतं, म्हणून वाईट वाटलं. पण साधारण २५ मीटरच्या आतला फरक धरता येत नाही. शिवाय पाचशेच्या पुढे ही चाचणीच अपुरी पडते, कारण धावायला परवानगी नसते. मग त्यांची जुनी पानं उलटली. मेटोप्रोलॉल ही नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असताना पहिले काही आठवडे '२२० वजा वय' या तक्त्यावरून नाडीचं लक्ष्य ठरवलं होतं. गोळी नाडी वर जाऊच देत नाही, त्यामुळे आकडा गाठायच्या नादात ते धापा टाकायचे आणि मधेच थांबायचे. अशा पेशंटला बोर्ग स्केलवर (किती श्रम वाटतात ते पेशंटने स्वतः ६ ते २० मध्ये सांगायचं) ११ ते १३, म्हणजे बोलता बोलता जमेल इतकाच जोर द्यायचा.

आता त्यांची ट्रेडमिल टेस्ट मागवली आहे. त्यात थांबल्यानंतर पहिल्या मिनिटाला नाडी किती उतरते ते बघायचं. १२ ठोके किंवा त्याहून कमी उतरली तर कार्डिओलॉजिस्टना लगेच कळवायचं. हिमोग्लोबिनही सांगितलंय, ते सुरुवातीलाच व्हायला हवं होतं. टेस्टच्या दिवशी गोळी रोजच्याच वेळेला घ्या, असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.