वॉटर शूज: तांबडा खडा अखेर बाहेर

सापडली बाबा वाट! तीन रविवार पाण्यात घालायच्या या बुटांत ज्या खड्यानं छळलं, तो आता आपणहून बाहेर पडायला लागलाय.

खानापूर तालुक्यातल्या हब्बनहट्टीचं रडगाणं मागे गायलोच होतो. मलप्रभेत गुडघाभर पाण्यात चाललं की बुटाच्या जाळीतून जांभ्याची बारीक खडी आत यायची आणि थेट इनसोलखाली (आतल्या सुट्या तळाखाली) जाऊन बसायची. शंभर पावलांत टाचेखाली वाटाणा. मग पंक्चरच्या सोल्युशननं अख्खा इनसोल चिकटवला. खडी खाली जाईना, पण सोलची पाणी जायची भोकंही बुजली. बूट कसला, पखालच झाली. चालताना पचाक पचाक, आणि खडा आता पायाखालीच.

वैतागून कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या मामांकडे गेलो. मूळचे अथणीचे, हयात कोल्हापुरी बांधण्यात गेलेली. बूट उलटा करून म्हणाले, "खडा येणारच की रे. त्याला जायला वाट कुठं ठेवलीस?"

मग मी इनसोल सोलून काढला, सोलच्या भोकांवर खडू घासून त्याचे ठसे इनसोलवर घेतले आणि बरोबर तिथंच ५ मिमीच्या पंचनं आरपार भोकं पाडली. सोल्युशन फक्त कडेनं. परवा असोग्याला दोन तास नदीत होतो, बूट एकदाही झाडावा लागला नाही! पाय वर उचलला की पाण्याबरोबर खडी खाली गळते. उजव्यात शेवटी चिमूटभर निघाली, डाव्यात तेवढीही नाही.

बाकी शेवाळावर हे बूटही घसरतात, जाहिरातीत काहीही लिहू देत. रोप लावणीच्या चिखलात तर अनवाणीच बरं. आषाढात डावा बूट चिखलानं गिळला होता, तो कोपरापर्यंत हात घालून काढला. आणि चुलीपाशी वाळवू नका. माझ्या आधीच्या जोडीचा सोल तिथंच उकलला. आत रद्दी कोंबून सावलीत ठेवा. माप ऑनलाइन अजिबात घेऊ नका, बेळगावच्या खडेबाजारात पाय घालून बघा.

येत्या रविवारी गोडचिनमलकीचा धबधबा ठरला होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: डाव्यात टाचेची दोन भोकं मी आळसानं पाडलीच नव्हती, आणि कमी खडी त्यातच! म्हणजे टाचेकडून खडी उलटी वर येत असणार. तर धबधबा राहू दे, आधी उजव्याची टाच बुजवून परत असोग्यालाच, त्याच वाळूत. मामांचा पंच मात्र शनिवारी परत करायचाय.