राखणदाराचा पत्ता

सोमवारी सकाळी नायट्रोजनच्या पिशवीत डोकावलं, तर मूर्तीच्या पाठीवरचं झाकण सुटून तळाशी पडलेलं. ते उघडायचं की नाही यावर आमच्या संग्रहालयात दोन महिने वाद चालू होता.

मूर्ती चीनच्या हूनान प्रांतातली, कुणाच्या तरी देवघरातली. उंची २७ सेंटिमीटर, वजन ६४० ग्रॅम. संग्रहालयाच्या नोंदवहीत नुसतं ‘योद्धा’. तांबडा चेहरा, उगारलेली रिकामी उजवी मूठ, डाव्या हाताचं मधलं बोट सरळ वर. चीनमधल्या ताओ धर्माची देवळं पाहिलेला माणूस एवढ्यावर ओळखतो : वांग लिंगग्वान. देवळात शिरताना पहिल्याच दालनात हा उभा असतो. पेइचिंगच्या बाइयुन ग्वान मठातही तिथेच आहे. भुताखेतांना आत येऊ द्यायचं नाही आणि आत येणाऱ्या माणसांच्या वागण्यावर नजर ठेवायची, अशी त्याची दुहेरी नोकरी. मुठीत असतं ते ‘ब्येन’. पुस्तकांत त्याचं सर्रास ‘चाबूक’ करून टाकतात, पण तो असतो बांबूसारखी पेरं असलेला धातूचा सोटा. आधी कोणीतरी याच्यासाठी चामड्याची वादी वळून पेटीत ठेवली होती. मुठीतलं भोक ६ मिलिमीटरचं, सरळ आरपार, म्हणजे ताठ दांडा बसवण्यासाठीच पाडलेलं. वादी वळण्याआधी एकदा मोजायला काय हरकत होती?

तिसरा डोळा मात्र दिसत नव्हता. तो एक्स-रेमध्ये सापडला, कपाळावर पांढरा बदामी ठिपका. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, म्हणून उमटला. वरून कोणीतरी चकचकीत तांबडा ऑइलपेंट फासून तो बुजवून टाकला होता.

या देवाची कथा हूनानमधल्याच श्यांगयिनची सांगतात. मुळात हा बळी घेणारा गावदेव. सा शोउज्येन नावाच्या ताओ साधूनं त्याचं देऊळ जाळलं. यानं स्वर्गात फिर्याद केली, आणि साधूची एक चूक सापडली की त्याला मारायची परवानगी मिळवली. बारा वर्षं मागोमाग फिरला. चूक सापडेना, तेव्हा त्याचाच शिष्य झाला. पुढे मिंग काळात, योंगल सम्राटाच्या राज्यात (१४०३–१४२४), त्याची पूजा थेट राजधानीत पोहोचली. आपल्या कोकण-गोव्यात वेताळाला वहाणा वाहतात, रात्रभर फिरून झिजतात म्हणून. याच्या पायाखाली अग्निचक्र असतं, त्यामुळे तो खर्च वाचतो.

तर झाकण. हूनानच्या घरगुती मूर्तींना पाठीत चौकोनी पोकळी कोरतात. प्रतिष्ठेच्या वेळी तिच्यात वनौषधी, कागदी पैसे, कधी वाळलेले किडे आणि घडी घातलेला एक कागद ठेवतात. कागदावर देव कोणता, घर कोणाचं, प्रांत-जिल्हा-गाव, तारीख, मूर्ती घडवणारा कोण आणि मूर्ती कशासाठी बसवली हे सगळं लिहिलेलं असतं. संशोधकांनी अशा हजारो मूर्तींची नोंद केली आहे आणि त्यांचा सगळा अभ्यास या कागदांवर उभा आहे. म्हणून क्युरेटरला झाकण उघडायचं होतं. माझं म्हणणं होतं, पोकळीतलं काढणं म्हणजे देव काढणं. प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे मात्र मला तीन बैठका लागल्या.

उपचार करायचा होता किडीवर. पायथ्याशी दीड-दोन मिलिमीटरची भोकं, आणि खाली ठेवलेल्या काळ्या कागदावर दर आठवड्याला ताजा, फिका भुसा. बोटांत चोळला की रव्यासारखा लागतो. तो तसा लागला की फर्निचरचा भुंगेरा समजायचा, आणि भुसा ताजा असेल तर अळी जिवंत. गोठवणं लवकर होतं, पण रंगाच्या पापुद्र्यांची भीती होती. म्हणून मूर्ती नायट्रोजन भरलेल्या पिशवीत ठेवून अळ्या गुदमरवायच्या ठरलं : ऑक्सिजन ०.३ टक्क्यांखाली, २५ अंश, २१ दिवस. आधी सुटलेले पापुद्रे स्टर्जन माशाच्या ३ टक्के सरसानं, ‘०’ नंबरच्या कुंचल्यानं बसवले. चार दिवस त्यातच गेले.

सिलिंडरमधला नायट्रोजन हाडासारखा कोरडा असतो. म्हणून त्याचे दोन प्रवाह करायचे, एक पाण्याच्या बाटलीतून, एक थेट, आणि दोन्ही मिसळून आर्द्रता ५० टक्क्यांवर धरायची. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, बाटली निम्मी होती. मला ती पुरेल असं वाटलं. आर्द्रता मोजणारा लॉगर दर पंधरा मिनिटांनी नोंद करतो, त्यामुळे शनिवारी पहाटेपासून रेघ कशी खाली आली ते सगळं कागदावर आहे. सोमवारी ३१ टक्के. लाकूड आकसलं, फटीवरचं अस्तर तडकलं, झाकण गळून पडलं.

अहवालात मी आकडा लिहिला, बाटलीही लिहिली. क्युरेटरला आनंद लपवता आला नाही.

अतिनील दिव्याखाली झाकणाच्या दोन कोपऱ्यांत निळसर-पांढरी चमक दिसली. म्हणजे बहुधा पांढरा गोंद, फेविकॉलच्या जातीचा. बाकी दोन कोपरे कोरडे, म्हणून तर ते एवढ्यात सुटलं. मला हे दोन महिने आधी दिसायला हवं होतं. दिवा मी चेहऱ्यावर फिरवला, छातीवर फिरवला. पाठीवर फिरवला तेव्हा सगळं लक्ष भोकं मोजण्यात.

आत पानांचा चुरा, लाल दोरा आणि कागद. अळीनं कागदही पोखरला होता, आणि त्यातूनच पुढचं कळलं. घडीच्या कागदाला पडलेलं भोक सगळ्या थरांतून सरळ जातं, एकाखाली एक. इथे भोकं जुळत नव्हती. ओलसर टीपकागदात ठेवून कागद तासाभरात सैल केला, उलगडला, आणि फिकट जुन्या घडीच्या रेषांवर पुन्हा दुमडून पाहिला. नऊच्या नऊ भोकं एका ओळीत आली. पोकळीच्या भिंतीतल्या बोगद्याशीही जुळली. म्हणजे अळी खाऊन गेल्यानंतर कोणीतरी कागद काढला, वाचला, भलत्याच घडीवर दुमडला, परत घातला आणि वर गोंद लावला. ज्या दारासाठी मी तीन बैठका भांडत होतो, ते कधीच उघडून झालं होतं.

कागदावर देवाचं नाव आहे, वांग लिंगग्वान. कारणही आहे : घरात शांतता, अपायापासून रक्षण. उजवी कड मात्र पूर्ण सरळ. हातकागद फाटला की कडेला तंतूंची लव राहते. भिंगाखाली इथे लव नव्हती, मध्ये एका ठिकाणी कात्री थांबून पुन्हा चालल्याची बारीक पायरी होती. मजकूर उजवीकडून सुरू होतो आणि पत्ता सुरुवातीलाच असतो. प्रांत, जिल्हा, गाव, घरमालक, सगळं त्या पट्टीबरोबर गेलं. विकणाऱ्याला पत्ता अडचणीचा ठरतो, पत्ता असला की कोणीतरी परत मागू शकतं.

बाटली नव्यानं लावून उपचार पहिल्या दिवसापासून परत केला. पानं आणि दोरा होते तसे पोकळीत ठेवले. कागद वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, झाकण गोंदाशिवाय, सुती फीत बांधून. कपाळावरचा ऑइलपेंट काढण्याची परवानगी मी मागितली आहे, अजून उत्तर नाही. नोंदवहीत ‘योद्धा’ खोडून नाव घातलं गेलं. ‘मूळ ठिकाण’ या रकान्यात क्युरेटरनं लिहिलं : हूनान, बहुधा.