28.1 टक्के बिघडलेला फोन

दुपारी आडवं पडून फोनवर काहीतरी वाचत होतो आणि मजकुरावर एक लाल चौकट येऊन बसली. तुमचा फोन 28.1 टक्के बिघडला आहे, चार घातक व्हायरस शिरले आहेत, आत्ताच्या आत्ता साफ केला नाहीत तर सिमकार्ड जाईल, फोटो जातील, सगळे नंबर जातील. खाली उलटं पळणारं घड्याळ. दोन मिनिटं. एक एकोणसाठ. एक अठ्ठावन्न.

टॅब बंद केला की विषय संपतो. पण मला एक खोड आहे, मी ते घड्याळ शून्यावर यायची वाट बघतो. शून्य येतं आणि काहीही होत नाही. कधी ते तिथेच थिजतं, कधी निर्लज्जपणे पुन्हा दोन मिनिटांपासून सुरू होतं. पान रिफ्रेश केलं तर सगळी मुदत परत मिळते. इतका समजूतदार सावकार मी पाहिलेला नाही.

खरं कौतुक त्या पॉइंट एकचं. तीस टक्के म्हटलं असतं तर अंदाजे ठोकून दिलंय हे कुणालाही कळलं असतं. 28.1 म्हटलं की वाटतं, कुणीतरी चष्मा लावून मोजलंय. वास्तविक वेबपानाला फोनच्या आत डोकावताच येत नाही, ब्राउझर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवतो. त्याला कळतं ते अँड्रॉइड आहे की आयफोन, ब्राउझर कोणता, आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून) साधारण कुठला भाग, असलं वरवरचं. तेवढ्यावर डॉक्टरकी चाललेली असते.

आणि ती कोपऱ्यातली फुली! निम्म्या वेळा ती फुली नसतेच, फुलीचं चित्र असतं. सगळी चौकटच एक लिंक, कुठेही बोट लावा, त्यांचं काम होतं. एका जाहिरातीत तर स्क्रीनवर चक्क एक केस काढलेला होता, बारीक, किंचित वळलेला. माणूस झटकायला बोट फिरवणार आणि थेट दुकानात पोचणार. हे ज्याला सुचलं त्याच्या बुद्धीला चांगलं काम का मिळालं नाही, असं वाटून जातं.

पॉप-अप, म्हणजे अशी आपोआप उगवणारी खिडकी, तिच्यातल्या जाहिरातीचा कोड लिहिणारा माणूस मात्र भामटा नव्हता. एथन झुकरमन, 1990च्या दशकात ट्रायपॉड या वेबसाइटसाठी काम करायचा. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच अश्लील पानावर झळकली, कंपनी हादरली. मग यांनी तोडगा काढला, जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडूया. 2014 साली त्याने लेख लिहून जगाची माफी मागितली. हेतू चांगला होता म्हणाला. असेल. हेतू चांगला असलेल्या माणसांची मला हल्ली जरा धास्तीच वाटते.

चांगल्या हेतूवरून बाबा आठवले. लहानपणी घरी लँडलाइन होता. राँग नंबर आला तर बाबा नुसतं 'राँग नंबर' म्हणून ठेवत नसत. आपल्याला कोण हवंय, कुठला नंबर फिरवलात, सावकाश सांगा. मग फोनशेजारच्या वहीत तो नंबर लिहून घ्यायचे, आपल्या नंबरशी ताडून बघायचे आणि सांगायचे, "शेवटून दुसरा आकडा चुकतोय तुमचा." पुन्हा घंटी वाजली आणि पुन्हा तेच गृहस्थ निघाले, तर बाबा हसून म्हणायचे, "अहो, परत आम्हीच!" आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोणाचा होता? "कोणाचाच नाही," आणि चेहऱ्यावर समाधान. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं, एवढं साधं होतं ते.

बाबांची बहीण, आमची आत्या, त्याच घडणीची. तिचा फोन दिवसभर टिंग टिंग करायचा. बॅटरी मेली, व्हायरस आला, बक्षीस लागलं. ब्राउझर बंद असला तरी सूचना चालूच. मूळ शोधलं तर कुठल्याशा पानाने विचारलं होतं, तुम्ही रोबो नाही ना? मग 'अलाउ' दाबा. आत्या रोबो नव्हती. तिने खरं ते सांगितलं.

"अगं आत्या, कोणी काही विचारलं म्हणून लगेच हो म्हणायचं का?"

"अरे, पण त्याने विचारलं होतं ना!"

क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत बातम्यांच्या साइट्सच्या मधोमध एक नाव, नुसती व्यंजनं, बाराखडी सांडल्यासारखं. ते ब्लॉक केलं आणि फोन एकदम गप्प झाला. एवढंच असतं बहुतेक वेळा. पान हटत नसेल तर विमान मोड लावायचा, ब्राउझर झटकून बंद करायचा, उघडून तो टॅब काढायचा आणि साइटचा डेटा पुसायचा. बॅक दाबत बसण्यात अर्थ नाही, त्या पानाने मागेही स्वतःलाच उभं करून ठेवलेलं असतं. एवढं करूनही चौकटी उगवल्या तर मग ब्राउझर नाही, नुकतंच टाकलेलं एखादं अ‍ॅप बघायचं.

आत्याला मी बोललो खरा, पण तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही. कुकीज चालतील? लोकेशन देता? सूचना पाठवू? आमचं अ‍ॅप आवडलं का, किती तारे? दिवसभर सभ्य, प्रतिष्ठित चौकटी हेच विचारतात, आणि 'हो'चं बटण मोठं, रंगीत, अंगठ्याखाली. 'नाही' कुठेतरी करड्या बारीक अक्षरात. अंगठ्याला ही सवय भामट्यांनी लावलेली नाही. ते आयत्या शेतात कापणीला आलेत.

आता आत्याला एकच नियम सांगून ठेवलाय, फोनने काही विचारलं की वाचायचं नाही, बंद करायचं. नियम तिने फारच मनावर घेतलाय. फोनचे खरेखुरे सिक्युरिटी अपडेटही ती बाणेदारपणे उडवून लावते, आणि वर मलाच कळवते, "आज पण एकाला हाकललं."